हे वाक्य कुणासाठी?

व्हर्लिन टॅकेटनं माझ्याकडे केस कापायला येणं बंद केलं, तेव्हाच मी ओळखलं की पाणी कुठंतरी मुरतंय.

व्हर्लिन माझ्या नवऱ्याचा, होबर्टचा, चुलतभाऊ आणि आमच्या भागाचा आमदार. होबर्ट जाऊन बरीच वर्षं झाली, पण व्हर्लिन पंधरवड्यातून एकदा माझ्या दुकानात यायचाच. खुर्चीत बसायचा, गळ्याभोवती कापड गुंडाळलं की बोलत सुटायचा. राजधानीत काय शिजतंय ते सावर क्रीकच्या बायकांना पेपरवाल्यांच्या आधी कळायचं, ते असं. कात्री चालू झाली की माणसाचं तोंडही चालू होतं, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. आणि यंदा अधिवेशन सुरू झालं, शाळांच्या पैशांचा कायदा पुढे आला, तसा हा गृहस्थ राजधानीतच केस कापून घ्यायला लागला. तेही इतके वाईट, मागून उंदरानं कुरतडल्यासारखे. असे केस घेऊन माणूस उगीच हिंडत नाही. काहीतरी लपवायचं असल्याशिवाय तर नाहीच.

आता कायदा काय होता ते सांगते. आमच्या राज्यात शाळेला पैसा मिळायचा तो मुख्यतः गावातल्या घरांवरच्या करातून. घरं महाग, तर शाळा श्रीमंत. टॅलबट लेकला तळ्याकाठी रिटायर डॉक्टरांचे बंगले आहेत, म्हणून त्यांच्या शाळेत काचेच्या छपराखाली पोहायचा तलाव. पोरं मूठभर, पण तलाव आहे. आमची कोळशाची खाण बंद पडली, घरांकडे कुत्रं फिरकत नाही, म्हणून आमची पोरं हिवाळ्यात कोट घालून गणितं सोडवतात. नवा कायदा म्हणत होता, सगळ्या गावांचा पैसा एका हंड्यात ओता आणि पोरामागे सारखा वाटा. अशी भाषणं मी लग्नाआधीपासून ऐकत आलेय. पण या वेळी शिक्षण समितीची अध्यक्ष ब्रॅन्सकोंबबाई होती, आणि ती बाई हट्टाला पेटली होती. खरंच होईल अशी हवा होती.

मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. कारण त्याच कायद्यात मागे एक नियम दडला होता: ज्या शाळेत वरच्या वर्गांत पोरं फार थोडी, ती बंद करून शेजारच्या शाळेत मिसळायची. आमच्याकडे पोरं थोडीच. शेजारची शाळा खिंडीपलीकडे. आणि आमच्या शाळेत बँड शिकवते माझी मुलगी ट्रेसा. शाळा गेली की ट्रेसा शहरात जाणार, तिथली एक शाळा तिला केव्हाची बोलावतेय. होबर्टनंतर माझं म्हणावं असं माणूस तेवढं एकच. तेव्हा कायदा न्यायाचा आहे की नाही हे मी नंतर बघणार होते. तो माझी मुलगी नेतो का, हे मला आधी बघायचं होतं. खोटं कशाला बोलू?

ट्रेसानंच तो कायदा शाळेतल्या यंत्रावर छापून आणला. मी तो दुकानात मोठ्यानं वाचायला लागले. नोव्हेला केस वाळवायच्या टोपाखाली बसली होती. ती पूर्वी पोस्टात होती, सगळ्या गावाचे पत्ते तिला पाठ.

"सावकाश वाच गं," ती म्हणाली. "या लोकांची गंमत नेहमी शेवटून दुसऱ्या पानावर असते."

होतीच. त्या बंद करायच्या नियमाखाली एक वाक्य होतं: 'टॅलबट नदीच्या दक्षिण शाखेवर असलेल्या आणि जवळच्या शाळेपासून खिंडीने तोडलेल्या शाळेस हा नियम लागू होणार नाही.'

नोव्हेलानं डोकं टोपातून बाहेर काढलं. "टॅलबट. म्हणजे तळेवाले."

"खिंड आहे का त्यांच्याकडे?"

"या डोंगरात खिंड कुणाकडे नाही? माझ्या परसातसुद्धा एक आहे म्हण."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. जी सवलत आम्हाला हवी होती, जिच्यासाठी आम्ही चर्चमध्ये गुडघे टेकून बसलो होतो, ती तळेवाल्यांनी गुपचूप लिहून घेतली. नाव न घेता. पोहायचा तलाव वाचवायला. आणि नोव्हेलानं मला वर आणखी सांगितलं की मागच्याच आठवड्यात तिनं व्हर्लिनला तळ्याकाठच्या हॉटेलात बघितलं होतं, तळेवाल्यांच्या आमदाराबरोबर, त्या प्रेस्कॉट लाइलबरोबर. दोघं मोठाले मांसाचे तुकडे कापत बसले होते.

"हसत होते का?" मी विचारलं.

"लाइल हसत होता. व्हर्लिन पैसे देत होता."

"बघ. विकत घेणारा कधी बिल भरत नाही."

यात काही अर्थ नाही हे मला आज कळतं. पण त्या दिवशी दुकानात बसलेल्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या.

ट्रेसा म्हणाली, "आई, आधी व्हर्लिनकाकाला विचार. नीट विचार."

मी फोन लावला. "व्हर्लिन, शेवटून दुसऱ्या पानावरचं ते वाक्य कुणासाठी आहे?"

पलीकडे त्यानं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"कोणतं वाक्य?" तो म्हणाला.

"सोंग करू नकोस. तळेवाल्यांनी तुला काय चारलं?"

"आर्डिथ, एक काम कर. या वेळी गप्प बस. माझ्यावर सोड."

"गप्प बसा, आमच्यावर सोडा, असं खाणवालेही म्हणाले होते. मग एका सोमवारी फाटकाला कुलूप होतं."

"मी खाणवाला नाही."

"मग सांग ना."

"सांगता येत नाही." आणि त्यानं फोन ठेवला.

ताकास तूर लागू देईना, म्हणजे ताक नक्कीच नासलेलं, असा मी हिशेब केला. दुधानं तोंड पोळलेली माणसं आम्ही. इथे चांगला शब्दसुद्धा कुणी दिला तर तो आम्ही उलटा करून खालची शिलाई बघतो.

समितीपुढे बोलायला कुणालाही परवानगी असते, आधी नाव द्यावं लागतं इतकंच. मी नाव दिलं. चर्चची बस काढली. निम्मं गाव बसलं, सगळ्यांच्या अंगात शाळेच्या बँडचे जांभळे शर्ट. ट्रेसाला वर्ग होते, ती आली नाही. निघताना ती बसच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "तुला खात्री आहे ना?" मी म्हणाले, "मला तळेवाल्यांची खात्री आहे, तेवढी पुरे."

समितीचं दालन म्हणजे लाकडी गोलाकार बाकं आणि पाण्याचे जग. ब्रॅन्सकोंबबाई मधोमध बसली होती, थकलेली, पण ताठ. एका टोकाला लाइल, कोटाच्या खिशात रेशमी रुमाल. दुसऱ्या टोकाला आमचा व्हर्लिन. जांभळे शर्ट आत शिरताना त्यानं बघितले आणि त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले.

"मी आर्डिथ टॅकेट, सावर क्रीकची. मी केस कापते," मी म्हणाले. "बाई, तुम्ही गेली कित्येक वर्षं सांगताय की हा कायदा सगळ्यांना सारखा. कुणाला सूट नाही. मग हे काय आहे?" आणि ते वाक्य मी मोठ्यानं वाचलं. "यात गावाचं नाव का नाही? काम सरळ असतं तर वाक्य असं वाकडं कशाला लिहिलं असतं? टॅलबट लेकच्या पोरांना तलावात पोहता यावं म्हणून आमच्या पोरांनी खिंड ओलांडायची का? हे वाक्य कुणासाठी आहे ते इथे, सगळ्यांसमोर, सांगा. आणि सांगता येत नसेल तर काढून टाका."

टाळ्या काय वाजल्या. आमच्याच लोकांच्या नव्हे, मागे बसलेल्या परक्या माणसांच्याही. जन्मात माझ्यासाठी कुणी इतक्या टाळ्या वाजवल्या नव्हत्या, आणि मला त्या आवडल्या, हेही सांगून टाकते.

व्हर्लिननं डोळे मिटून घेतले होते.

लाइल पुढे वाकला. त्याच्या कपाळावर खरीखुरी आठी होती. "अध्यक्षबाई, हे वाक्य मी आज पहिल्यांदा ऐकतोय. आणि ते आमचं नाही. आमचं तळं टॅलबटच्या उत्तर शाखेवर आहे. दक्षिण शाखा म्हणजे नेमकी कुठली?"

ब्रॅन्सकोंबबाई आपल्या हातांकडे बघत होती. शेवटी समितीचा वकील उठला. त्यानं भिंतीवर नकाशा उजळवला आणि काठीचं टोक निळ्या रेघेवरून खाली आणत आणत एका जागी थांबवलं. तिथे आमचं चर्च होतं. त्याच्या खाली आमची शाळा. त्या दोन्हींना वळसा घालून जाणारा, खाणीच्या पाण्यानं आंबट झालेला, मासा न टिकणारा आमचा ओढा होता. आमच्या आज्या-पणज्यांनी त्याला सावर क्रीक, म्हणजे आंबट ओढा, म्हटलं, म्हणून गावही सावर क्रीक. सरकारदरबारी त्याला दुसरं काही नाव असेल, हे आमच्यात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. नोव्हेलाच्यासुद्धा. काखेत कळसा आणि आम्ही बस भरून राजधानीला वळसा घालायला आलो होतो.

"सावर क्रीक," वकील म्हणाला. "या वर्णनात बसणारी राज्यात ही एकच शाळा आहे."

मी म्हणाले, "मी माझे शब्द मागे घेते."

"टॅकेटबाई, तुमचा वेळ संपला," ब्रॅन्सकोंबबाई म्हणाली. ती हे कठोरपणे म्हणाली नाही. त्यानंच मला जास्त लागलं.

लाइलला आता कंठ फुटला होता. तो म्हणाला की एका गावाला सूट असेल तर तळ्यालाही हवी, नाहीतर कुणालाच नको. बाकीच्यांनीही आपापल्या गावांची नावं घ्यायला सुरुवात केली. ब्रॅन्सकोंबबाईनं हातोडा आपटला आणि ते वाक्य मताला टाकलं. सगळ्यांनी ते काढा म्हणून हात वर केले. व्हर्लिनचा तेवढा खाली होता. मग अख्खा कायदा मताला आला, आणि त्याला मात्र व्हर्लिननं हात वर केला. कायदा पास झाला.

बाहेर पडताना लाइलनं येऊन माझा हात हातात घेतला. "तुमच्यासारखे जागरूक नागरिक हवेत," तो म्हणाला. त्याचा हात मऊ होता. मला तो झटकायचंही सुचलं नाही.

व्हर्लिन खांबाला टेकून उभा होता. मला वाटलं हा आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते.

"तू मला का नाही सांगितलंस?" मी म्हणाले.

"तुझ्या खुर्चीत बसून मला आजवर काही लपवता आलंय? आणि तुला कळलं की नोव्हेलाला कळतं. नोव्हेलाला कळलं की तळ्याला."

"मग त्या लाइलबरोबर जेवायला कशाला गेला होतास?"

"त्यानं कायदा शेवटपर्यंत वाचलाय का ते बघायला. नव्हता वाचला. मांस खाऊन झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू, बिलसुद्धा मीच भरलं."

मला त्याच्याकडे बघवेना. तरी मी विचारलं, कारण मला विचारल्याशिवाय राहवत नाही. "ते वाक्य गेलं, मग तू कायद्याला हात कशाला वर केलास? पाडायचा होतास."

"पाडून काय? खिंडीअलीकडच्या चार खोऱ्यांतल्या शाळांना त्यातून वर्ग तापवायच्या शेगड्या मिळणार आहेत, मास्तर मिळणार आहेत. कायदा बरोबर आहे, आर्डिथ. त्यातलं तेवढं एकच वाक्य चूक होतं. ते मी आपल्यासाठी घातलं होतं."

मनात एक आडमुठी बाई अजून भांडत होती की वाक्य तळ्याचं निघालं असतं तर आज मला खांद्यावर घेऊन नाचले असते. असते नाचले. पण ते तळ्याचं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि मी तर हात सगळ्या समितीला दाखवून आले होते.

परतीच्या बसमध्ये कुणी मला दोष दिला नाही. नोव्हेलानं सँडविच वाटले, मलाही दिलं. लोक खिडकीबाहेर बघत होते. माझ्या पुढच्या बाकावर दोघींच्यात हळूच चाललं होतं की पुढच्या वर्षी बस पहाटे किती वाजता निघेल.

ट्रेसाच्या घरी दिवा होता. तिनं सभा शाळेतल्या टीव्हीवर बघितली होती, मुलांबरोबर. टेबलावर घेवड्याचं कालवण आणि मक्याची भाकरी झाकून ठेवली होती.

"मी त्याला विचारलं होतं," मी दारातच म्हणाले. "तू सांगितल्याप्रमाणे आधी विचारलं होतं."

"नाही, आई. तू त्याला झापलंस. विचारलं नाहीस." तिनं खुर्ची ओढून दिली. "बस. जेव आधी."

मी बसले. तिनं वाढलं, स्वतःलाही घेतलं आणि बराच वेळ चमचा नुसता फिरवत राहिली.

"मुलांनी विचारलं, आपली शाळा बंद होणार का," ती म्हणाली. "मी हो म्हटलं. त्यांना खोटं नाही सांगितलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "शहरातल्या शाळेला आज कळवलं. ऑगस्टपासून ये म्हणाले."

एवढ्यात कशाला कळवलंस, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी कालवणात भाकरी बुडवली आणि खात राहिले.