मास्तरांचा उजवा हात

मी एक जुना आरसा आहे. शिंप्याच्या दुकानातला, चौकटीचा रंग उडालेला, एका कोपऱ्यात काळा पडलेला. मित्रांनो, आरशाचं आत्मवृत्त तुम्ही शाळेत कधी ना कधी लिहिलंच असेल. 'मी नेहमी खरं तेच दाखवतो' हे वाक्य त्यात हटकून असतं आणि त्याला गुणही मिळतात. मला त्या वाक्याचा अगदी वीट आलाय.

एका कारखान्यात काचेच्या पाठीवर चकाकता लेप चढवला आणि मी जन्मलो. मग मास्तरांनी मला दुकानात आणलं. कपडे बेतायला त्यांच्यासारखा माणूस नव्हता. त्यांची एक सवय होती, कात्री म्हणून खाली ठेवायची नाही. गिऱ्हाइकाशी बोलताना, चहा पिताना, उजव्या हाताच्या बोटांत ती अडकलेली असायचीच. त्यांची बायको म्हणायची, "अहो, निदान जेवताना तरी ठेवा ती!" गल्ल्यावर बसणारा धाकटा भाऊ मात्र सगळ्यांना ऐटीत सांगायचा, "मी आमच्या दादाचा उजवा हात!" त्या वेळी सगळे हसायचे. गिऱ्हाइकं माझ्यापुढे उभी राहून खांदे ताठ करायची आणि म्हणायची, "वा, काय बसलाय!" खरं सांगतो, त्यातलं थोडं कौतुक मीही लाटायचो.

मग दुकानात कापड कापायचं विजेचं यंत्र आलं आणि एके दिवशी त्याने मास्तरांचा उजवा हात मनगटापासून नेला. त्या क्षणीही त्यांच्या अंगठ्यात कात्री होती.

जखम भरली, पण दुखणं थांबलं नाही. "मूठ आवळली गेलीय गं," मास्तर कळवळून बायकोला सांगायचे. "अंगठा कात्रीत अडकलाय. नखं तळव्यात रुततायत. कुणीतरी सोडवा रे!" भाऊ कपाळावर हात मारायचा. "अरे दादा, हातच नाही, तर दुखतंय काय?" शेजारीपाजारी कुजबुजायचे की मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झालाय.

परिणाम कसला डोंबलाचा! दवाखान्यातून व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या, त्यांनी नीट समजावून सांगितलं. आपल्या मेंदूत सगळ्या शरीराचा एक नकाशा असतो. हात गेला म्हणून नकाशातला हात जात नाही. मेंदू 'मूठ उघड' असा हुकूम सोडतो, पण उघडली असा निरोप कुठूनच येत नाही, म्हणून तो मूठ आवळलेलीच धरून बसतो. दुखणं अगदी खरं असतं. "आपण त्याला डोळ्यांकडून निरोप पाठवून बघू," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दुकानात नजर फिरवली. ती माझ्यावर थांबली.

त्यांनी मला खाली उतरवलं आणि इस्त्रीच्या टेबलावर, मास्तरांच्या दोन्ही हातांच्या मधोमध येईन असं, आडव्या बाजूने उभं केलं. पाठीला कापडाचे दोन तागे लावले. मास्तरांचा डावा हात माझ्यासमोर, तुटलेला माझ्या पाठीमागे, दिसणार नाही असा. डाव्या हाताचं माझ्यातलं प्रतिबिंब अगदी उजव्या हाताच्या जागी आलं. "माझ्यात बघत दोन्ही मुठी हळूहळू उघडा" असं मीच मनात म्हणत होतो, तेवढ्यात बाईंनी तेच सांगितलं.

मास्तरांनी बघितलं. माझ्यात उजवा हात होता. त्याची बोटं एकेक करून सुटली.

"सुटली! अगं, मूठ सुटली!" मास्तर ढसाढसा रडले. बायकोही रडली. उभ्या आयुष्यात मी एवढी एकच थाप मारली, मित्रांनो, आणि माझ्या हातून झालेलं चांगलं काम तेवढंच.

मग रोज दुपारी दुकान बंद असताना आमचा हा उद्योग चाले. "आरसा आहे हे माहीत असलं तरी चालतं," बाई म्हणाल्या होत्या. "डोळ्यांचं म्हणणं मेंदू ऐकतो." मास्तरांना शांत झोप लागू लागली. डाव्या हाताने कात्री धरून बघू, असंही ते बोलायला लागले.

पण लोकांना चैन पडेल तर शपथ. मास्तर आरशाशी खेळतात, असं बाजारभर झालं. भावाला ते फार लागलं. एका दुपारी तो दोन नेहमीच्या गिऱ्हाइकांना घेऊनच आत आला. "दादा, लोक हसतात रे. किती दिवस स्वतःला फसवणार?" असं म्हणून त्याने कापडावर खुणा करायचा खडू उचलला आणि मास्तरांच्या डाव्या हाताच्या पाठीवर एक लांब रेघ ओढली. "आता बघ आरशात. तुझ्या त्या उजव्या हातावर ही रेघ कुठून आली?"

मी काय करणार? ती रेघ मी दाखवली. स्वच्छ, पांढरी, जशीच्या तशी. गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली.

"भावोजी, काय मिळवलंत?" मास्तरांची बायको एवढंच म्हणाली.

"वहिनी, त्याच्या भल्यासाठीच केलं," तो म्हणाला, आणि त्याला ते मनापासून वाटत होतं. हेच मला जास्त झोंबतं.

माणसाला एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं, आणि चार लोकांसमोर त्याच्या तोंडावर मारणं वेगळं. त्या दिवसापासून मास्तर माझ्यात हात बघत नाहीत, रेघ शोधतात. मूठ पुन्हा आवळली ती आवळलीच. बाईंनी येऊन पुष्कळ समजूत घातली. बायकोने दुसरा, नवा कोरा आरसाही आणून पाहिला. त्यातही मास्तरांना डावाच हात दिसला.

आता मी पुन्हा भिंतीवर आहे. गिऱ्हाइकं खांदे ताठ करतात, मी खरं तेच दाखवतो. मित्रांनो, माझी धूळ पुसा अशी विनवणी मी करणार नाही. राहू दे धूळ. फक्त कुणी दुखतंय म्हणालं, तर ते कुठे दुखतंय याचा पुरावा मागू नका. त्याला जरा बरं वाटत असेल, तर हातातला खडू खाली ठेवा.

अजूनही कधीकधी दुपारी मास्तरांची बायको मला भिंतीवरून उतरवते, तागे लावते, नवऱ्याचा डावा हात साबणाने चोळून धुते आणि माझ्यापुढे ठेवते.

"बघा, गेली की नाही?" ती विचारते.

मास्तर बराच वेळ बघतात आणि म्हणतात, "अजून आहे गं."