ज्येष्ठेच्या चेहऱ्याएवढी जागा

मी फोम बोलतोय. नाव ऐकून दाढीचा फेस डोळ्यांपुढे आला असेल, तर तो आमचा लांबचा नातेवाईक. मी डब्यातून फवारला की फुगतो, हवेतली ओल पितो आणि शिळ्या पावासारखा कडक होऊन बसतो. एकदा बसलो की हलत नाही. खिडकीच्या फटी, नळाभोवतीची भोकं, कूलरच्या बाजूची उघडी जागा, जिथून लू, धूळ आणि पाली आत येतात तिथे मला भरतात. सगळे माझं काम विसरतात, आणि तेच माझं काम नीट झाल्याचं लक्षण असतं.

माझ्या नशिबी मात्र विसरलं जाणं नव्हतं. ज्या माणसानं माझ्या डब्यावरची एकही सूचना वाचली नाही, त्याच्यामुळे माझं भलं झालं, हे आधीच सांगून टाकतो.

तो माणूस म्हणजे श्रीकांतराव पांढरीपांडे. भोपाळला, पिपलानीच्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि तिथल्याच मोठ्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनचं काम बघायचे. त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती. क्वार्टर सोडून इंद्रपुरीच्या नव्या फ्लॅटमध्ये जायचं होतं. नव्या खिडक्यांच्या फटींसाठी म्हणून ते दुकानात आले आणि मला आणि माझ्या जुळ्या भावाला उचललं.

"भाईसाब, आधा ही भरना. ये फूलता बहुत है," दुकानदार म्हणाला.

"अरे भैया, पूरी नौकरी इन्सुलेशन में निकली है मेरी," श्रीकांतराव म्हणाले आणि आम्हाला स्कूटरच्या डिकीत टाकलं.

भाऊ खिडक्यांत खर्ची पडला. आजही तिथे आहे, मे महिन्यातली लू बाहेर अडवून धरतो. मी उरलो. आणि माझ्यासाठी शारदाबाईंनी काम काढलं.

शारदाबाई म्हणजे श्रीकांतरावांच्या पत्नी. त्यांना घर बदलण्याची एकच धास्ती होती. कपाट खरचटलं तरी चालेल, टीव्ही फुटला तरी नवा येईल, पण महालक्ष्म्यांचे मुखवटे सुखरूप पोहोचले पाहिजेत. सासूबाईंनी, इंदुमतीबाईंनी, ते नागपूरहून मांडीवर ठेवून आणले होते. छप्पन्न साली राज्य बदललं, सरकारी कचेरी भोपाळला आली, आणि तिच्याबरोबर सारं कुटुंब टी. टी. नगरला आलं, तेव्हाची ही गोष्ट. शाडूच्या कच्च्या मातीचे ते मुखवटे, वर रंग. सासूबाई जाताना शारदाबाईंना म्हणाल्या होत्या, "चेहरा सांभाळ बाई. रंग काय, दरवर्षी देता येतो."

"त्यात काय मोठंसं?" श्रीकांतराव म्हणाले. "फोम आहे ना! असे पॅक करतो की धक्का म्हणून लागणार नाही."

त्यांनी देवदारी लाकडाचं खोकं घेतलं. तळात मला फवारलं, वर पाणी शिंपडलं. मी फुगत असतानाच भांड्यांवर ताणून बसवतात ती पातळ प्लॅस्टिकची फिल्म माझ्यावर पसरली आणि ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघींचे मुखवटे पालथे, चेहरा खाली करून, अलगद ठेवले. मी वर आलो. कपाळ, नाक, गाल, हनुवटी, जे जे लागलं त्याच्या भोवतीनं जाऊन बसलो. इतक्या वर्षांची पूजा झालेला चेहरा आणि मी बाजारातून आणलेला फेस! मला तर श्वासच घ्यावासा वाटेना.

इथवर सगळं छान झालं होतं. आता वरची बाजू. मुखवट्यांच्या पाठीवर फिल्म टाकली आणि श्रीकांतराव उरलेल्या मला ओतायला लागले. अर्ध्यावर थांबायचं होतं. पण त्यांचा जन्म गेला एका धड्यात: आत हवेची पोकळी राहिली की घात. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात राहो, कागदात राहो, पोकळी दिसली की बुजवायची. त्यांनी मला काठोकाठ भरलं, वर झाकण दाबलं आणि चारी बाजूंनी शिकंजे आवळले.

"अहो, जास्त होतंय का?"

"पोकळी ठेवायची नसते, शारदा."

मी काय करणार? फुगणं माझ्या हातात नाही. झाकणाच्या चारही कडांनी बाहेर आलो, झाकण खोक्याला कायमचं चिकटवून टाकलं, आणि श्रीकांतरावांच्या बोटांवरही बसलो. खोबरेल तेल झालं, रॉकेल झालं, भांड्यांची घासणी झाली, मी सुटलो नाही. निरोप समारंभात त्यांनी पिवळ्या ठिपक्यांच्या बोटांनीच नारळ स्वीकारला. सगळा कारखाना हसला, आणि तेही हसले.

खोकं छोटा हत्ती टेम्पोत बसून इंद्रपुरीला गेलं. पिपलानीहून इंद्रपुरी म्हणजे गाडीनं नीट वेग घेण्याआधी संपणारं अंतर! एवढ्यासाठी एवढा खटाटोप, असं हमाल म्हणत होते. शारदाबाई मात्र खोक्यावर हात ठेवून मागे बसल्या होत्या.

पोळ्याच्या सकाळी मला उघडायचं ठरलं. महालक्ष्म्या येण्याआधी मुखवट्यांना रंगाचा हात द्यायचा होता. झाकण निघेना. श्रीकांतरावांनी पटाशी आणि हातोडी घेतली.

"हळू हो!"

"अगं, हळूच मारतोय."

कडा सुटल्या, झाकण उडालं, वरचा मी तुकड्या-तुकड्यांनी निघू लागलो. कनिष्ठा मोकळी झाली. शारदाबाईंनी तिला उचलून छातीशी धरलं. ज्येष्ठेच्या पाठीवर मात्र मी जाड बसलो होतो. पटाशी सटकली, आणि आत मातीचा आवाज आला. छोटासाच होता तो.

ज्येष्ठेचे तुकडे झाले होते.

शारदाबाईंनी ते एकेक करून जुन्या पातळात गोळा केले. रडल्या नाहीत. श्रीकांतरावांनी हातोडी खाली ठेवली. मग म्हणाले, "न्यू मार्केटात मिळतात मुखवटे. चांगले असतात."

"मिळतात ना," शारदाबाई म्हणाल्या. "आईंनी मला बाजारातला चेहरा सांभाळायला सांगितला होता का?"

दुसऱ्या दिवशी उज्जैनहून कल्पना आली. श्रीकांतरावांची धाकटी बहीण, तिथल्या शाळेत चित्रकला शिकवते. फोन गेला तशी पहिली बस धरून आली होती. महालक्ष्म्यांचे जुने फोटो बाहेर काढून बसली. प्रत्येक फोटोत मुकुट होता, नथ होती, हार होते, आणि त्या सगळ्यामागे चेहरा जेमतेम.

"वहिनी, यावरून नाही जमायचं गं. कुणीतरी दुसरीच बाई होईल."

शारदाबाई उठल्या. राग कुणावर तरी काढायचा असतो, तो माझ्यावर निघाला. "ही घाण आधी घराबाहेर काढते," म्हणत त्यांनी खोकं उचललं आणि खिडकीजवळून दाराकडे निघाल्या. बाजूनं ऊन आलं. त्यांनी सहज खाली पाहिलं आणि तिथेच थांबल्या.

माझ्यात ज्येष्ठेच्या चेहऱ्याचा ठसा उमटला होता, आत दबलेला, पोकळ. पण त्या उन्हात त्यांना चेहरा बाहेर आलेला दिसला. त्यांनी खोकं थोडं हलवलं, तर चेहराही वळून त्यांच्याकडेच पाहू लागला.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "अहो, इकडे या. आई बघताहेत."

तिघंही माझ्यावर वाकली. माझं आयुष्य तिथे सुरू झालं, असं मी मानतो. त्याआधी मी नुसताच भरलेला होतो.

"थांब, थांब," कल्पना म्हणाली. "माती कच्ची आहे ना? भाजलेली नाही ना? मग तुकडे भिजतील!" तिनं रंग खरवडून ज्येष्ठेचे तुकडे पाण्यात भिजत घातले, ती माती थोड्या नव्या शाडूत मळली. माझ्यात तेलाचा हात फिरवला आणि माती बोटांनी दाबत गेली, कपाळापासून हनुवटीपर्यंत. चेहरा जुना, मातीही जुनीच. श्रीकांतराव पंख्याखाली पहारा देत बसले आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला "हात लावू नका" सांगत राहिले.

ज्येष्ठा माझ्यातून बाहेर आली तेव्हा तीच होती. फिल्मला पडलेल्या चुण्या मातीवर उमटल्या होत्या, त्या कल्पनानं ओल्या बोटानं पुसून टाकल्या. ओठांच्या कडेला गालावर एक बारीक रेघ उरली. तिथे बोट नेलं तर शारदाबाईंनी तिचा हात धरला.

"ती राहू दे. आई हसल्या की त्यांच्याही गालावर इथेच पडायची."

कल्पनानं पाहिलं आणि मग तिच्याही डोळ्यांना पाणी आलं. श्रीकांतराव उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ कुंड्यांना पाणी घालत राहिले.

त्या वर्षी महालक्ष्म्या थाटात बसल्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणाल्या, "यंदा ज्येष्ठा जास्तच प्रसन्न दिसतेय हो!" सोळा भाज्यांच्या वासात मी माळ्यावर बसून ते ऐकत होतो.

आता मी म्हातारा झालोय. कडा पिवळ्या पडून भुगा होऊ लागल्यात. तुम्हाला एवढंच सांगेन, मला वापराल तर हातमोजे घाला, अर्ध्यावर थांबा, आणि लागेल तेवढाच वापरा. कारण टाकून दिलात तर मी मातीत मिसळत नाही. मातीला मी एकदाच उपयोगी पडलो, आणि त्याबद्दल या घराचा मी ऋणी आहे. पटाशीचाही ऋणी आहे म्हणालो तर शारदाबाई रागावतील.

वर्षभर ज्येष्ठा माझ्यात झोपते. तिच्या पाठीवर आता मी नसतो, मऊ पातळाची घडी असते, आणि झाकणाला स्क्रू असतात. तीन दिवस ती खाली बसते तेव्हा मी रिकामा असतो. त्या दिवसांत श्रीकांतराव मला माळ्यावरून उतरवतात आणि मलमलच्या फडक्यानं आतली धूळ टिपतात. गेल्या वर्षी पाहुणा आलेला त्यांचा जुना सहकारी माझ्यात पिशव्या ठेवायला निघाला.

"अहो, खोकं तर रिकामंच आहे," तो म्हणाला.

"ठेवू नका त्यात काही," श्रीकांतरावांनी मला दोन्ही हातांनी जवळ ओढलं. "ती पोकळी भरायची नाही."