जोतिबामामांची कवळी

महाराजांनी कवळीच्या दोन टोकांना लाल दोरा गच्च आवळून बांधला, ती परातीत ठेवली आणि वर तीर्थ ओतलं. आरती सुरू झाली. शेवटचं कडवं येईस्तोवर गुलाबी कवळीवर पांढऱ्या रेघा उमटल्या, मग टक्कन आवाज झाला आणि ती मधोमध चिरली. मंडपातल्या दीडशे माणसांनी हात जोडले.

"सुटला," महाराज डोळे मिटून म्हणाले. "मालकाचा जीव दातात अडकला होता, तोच बाईला आतून चावत होता. आता दुखणं उतरेल. श्रद्धा तेवढी कमी पडू देऊ नका."

दुखणं राहिलं तर दोष बाईच्या श्रद्धेचा, याची सोय आधीच करून ठेवलेली.

ती बाई म्हणजे माझी बनुआत्ती. दोन वर्षांपूर्वी तिचे मालक, म्हणजे नवरा, जोतिबामामा गेले तेव्हा तिनं त्यांची काठी, चष्मा, कोट सगळं वाटून टाकलं आणि कवळी स्वतःच्या तोंडात घातली. माण तालुक्याच्या दुष्काळात जन्म काढलेल्या बाईला धड वस्तू फेकवत नाही. पण एकाची कवळी दुसऱ्याच्या हिरडीवर बसत नसते. ती घासत राहिली, वर दोन वेळची मिश्री होतीच, आणि गालाच्या आत जखम झाली. ती मिरजेला डॉक्टरकडं न जाता या कवळीबाबाकडं आली. तीन महिने दर गुरुवारी तीर्थाची बाटली न्यायची आणि रोज सकाळी त्या तीर्थाची चूळ जखमेवर धरून ठेवायची. मला हे सगळं आज कळलं. "चमत्कार बघाय ये" म्हणून तिनंच मोठ्या हौसेनं बोलावलं होतं.

मी परातीजवळ वाकले. कापराच्या वासाखाली दुसरा एक उग्र वास होता. मिरजेत कवळ्या बनवायच्या कामात माझी अकरा वर्षं गेली आहेत. जेवताना बोटांना येतो तो वास मी चुकणार नाही. कवळीची पावडर ज्यात कालवतात, तेच हे लिक्विड.

"आत्ती, हे तू तोंडात धरत हुतीस?"

"व्हय. लय झोंबायचं. म्हाराज म्हनलं, झोंबलं म्हंजी लागू पडतंय."

माझं डोकं फिरलं. दहिवडीच्या डॉक्टरांना द्यायच्या दोन नव्या कवळ्या पिशवीत होत्या. मी दोन्हींना तसाच लाल दोरा आवळला. एक साध्या पाण्याच्या तांब्यात टाकली, दुसरी परातीत.

"विटाळशी बाई दिसते," महाराज गरजले. "हिला बाहेर काढा."

कुणी हललं नाही. लोकांना बघायचं होतं. पुढं बसलेला धुळा मेंढपाळ म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की म्हाराज. जीव नसंल तर चिरायची न्हाई."

या वेळी आरती झाली नाही. सगळे नुसते परातीकडं बघत बसले. पांढऱ्या रेघा आल्या, आणि थोड्या वेळानं ती कोरी कवळीही चिरली. तांब्यातली मात्र जशीच्या तशी निघाली.

धुळानं दोन्ही हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या. "म्हाराज, हिला तर अजून कुनाचं तोंडबी लागल्यालं न्हाई. मग ह्यात कुनाचा जीव हुता?"

 उत्तर मी दिलं. कवळी टणक दिसते, पण ती पातळ पदार्थ शोषते. लाळ, चहा, ताक रोज थोडं थोडं मुरतं आणि काही वर्षांत ती थकते. मामांची तर नऊ वर्षांची होती. स्पिरिट किंवा हे लिक्विड लागलं की तेच काम मिनिटांत होतं, आणि दोऱ्याचा ताण असला की ती चिरतेच. नंतर चौकशीत कळलं, हा माणूस पूर्वी कराडात कवळ्या बनवायच्या कामावर होता, त्याला हे चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असून त्यानं ते म्हातारीच्या उघड्या जखमेवर धरायला लावलं. याला मी भोंदूपणा म्हणत नाही, मारेकरीपणा म्हणते.

दुसऱ्या दिवशी आत्तीला मिरजेला नेलं. जखमेचा तुकडा तपासायला गेला. कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांपूर्वी आणलं असतं तर जखमेपुरतं काढून भागलं असतं, आता जबड्याचं हाड काढावं लागेल.

 आत्तीनं विचारलं, "म्हंजी मालक चावत न्हवतं?"

"न्हाई गं."

"मी रोज सकाळी त्यांस्नी शिव्या देत हुते. म्हनायची, मेल्यावर तरी सोडा मला."

त्या माणसानं तिचा जबडा घालवला, आणि बेचाळीस वर्षांचा संसारही नासवला. मी त्याच्यावर पोलिसात तक्रार दिली आहे, पण तेवढ्यानं माझा राग जात नाही. मंडपातल्या दीडशे माणसांपैकी एकानंही तीन महिन्यांत विचारलं नाही की या बाटलीत काय आहे. मेलेला माणूस चावत नसतो. तोंडातली जखम पंधरा दिवसांत भरली नाही तर दवाखान्यात जा. आणि पुन्हा कुणी परातीत काही ओतून दाखवलं, तर हात जोडण्याआधी त्याचा वास घ्या.