मागे बसलेले बाबा

सुमेधाला मोटरसायकलची चांगली सवय होती. चंदीगडच्या सेक्टर चौतीसमधल्या एका कोचिंग क्लासमध्ये ती फिजिक्स शिकवायची, आणि झिरकपूरच्या भाड्याच्या फ्लॅटमधून रोज नवऱ्याच्या मोटरसायकलवर तिथे जायची. नवरा, गंधार, हवाई दलात होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याला पंधरा दिवसांसाठी लेहला पाठवलं, आणि तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांचं कानाचं मशीन बंद पडलं.

रघुनाथराव एकाहत्तर वर्षांचे होते. अकोला डेपोत एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली होती. बायको गेल्यापासून ते उन्हाळ्यात दोन महिने मुलाकडे येऊन राहायचे. मुळातच कमी बोलायचे, सुनेशी तर त्याहून कमी. त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. सुनेशी काय आणि किती बोलायचं याचा अंदाज त्यांना कधी आलाच नाही. मशीन बंद पडल्यावर ते आणखीच मिटले. सुमेधा चहा घेऊन मागून आली की दचकायचे, आणि दचकल्याची लाज वाटून कप घेताना खाली बघायचे.

सेक्टर बावीसमधल्या दुकानात फोन केला तर कळलं की मशीन दुरुस्त करणारा माणूस शनिवारी एक ते दोन एवढाच वेळ येतो. शनिवारी सुमेधाला सुट्टी होती. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं, वाराही गार होता. रात्री कुठेतरी पाऊस पडला असावा. निघायच्या वेळी कार सुरू होईना, बॅटरी उतरली होती. कॅब दोनदा बुक झाली आणि दोन्ही वेळा ड्रायव्हरने रद्द केली.

सुमेधा बाबांच्या अगदी जवळ जाऊन मोठ्यांदा म्हणाली, "बाबा, कार बंद आहे. मोटरसायकलवर चालेल का? नाहीतर पुढच्या शनिवारी जाऊ."

पुढच्या शनिवारपर्यंत बहिऱ्यासारखं बसून राहायचं त्यांच्या जिवावर आलं असणार. ते लगेच उठले. "चाल की. मले काय होते? आमच्या अकोल्यात तं लई तापते."

तिने त्यांना गंधारचं हेल्मेट घातलं, पट्टा लावून दिला. ते मागे बसले आणि सीटच्या मागचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला.

"बाबा, माझ्या खांद्याला धरा."

त्यांना ऐकू गेलं नाही म्हणून तिने हाताने दाखवलं. त्यांनी मान हलवली. "असू दे, असू दे."

सुनेच्या खांद्यावर हात ठेवणं त्यांना जमणारं नव्हतं. तिनेही मग आग्रह केला नाही.

जाताना काहीच त्रास झाला नाही. दुकानात मात्र दीड तास गेला. मशीन दुरुस्त करणारा उशिरा आला, त्याने मशीन उघडून पाहिलं आणि ठेवून घेतलं. "मंगळवारी या," म्हणाला. बाबांना ते सुमेधाने कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

बाहेर आभाळ कधी मोकळं झालं ते कळलंच नव्हतं. अडीच वाजले होते. हवेत ओल होती आणि वर ऊन असं होतं की दुकानांची शटर्स हात लावायच्या लायकीची राहिली नव्हती. सुमेधाने गाड्यावरून शिकंजीचे, म्हणजे तिकडच्या लिंबूसरबताचे, दोन ग्लास घेतले. बाबांनी दोन घोट घेऊन ग्लास परत केला. आवडली नसेल, असं तिला वाटलं. पाण्याची बाटली पुढे केली तर तीही त्यांनी हातानेच नको म्हटली.

"थोडं थांबू या का? ऊन उतरू दे," तिने खुणेने विचारलं.

"घरी चाल," ते म्हणाले.

त्यावेळी त्यांचा चेहरा लाल होता. पण उन्हात उभ्या असलेल्या सगळ्यांचेच चेहरे लाल होते.

तिने सुती ओढणी तोंडाला गुंडाळली, वर हेल्मेट घातलं. दक्षिण मार्गाला लागेपर्यंत मोटरसायकलची टाकी इतकी तापली की तिला गुडघे बाहेर काढून बसावं लागलं. वारा लागत होता, पण भट्टीचं दार उघडल्यासारखा. प्रत्येक सिग्नलला दीड-दोन मिनिटं थांबायचं. आकडे उलटे मोजले जायचे, खालून डांबराची वाफ यायची. ती आरशात बघायची तर आरशात बाबांचं फक्त हेल्मेट दिसायचं, तेही अर्धं.

"बाबा, बरे आहात ना?" तिने ओरडून विचारलं. उत्तर आलं नाही. मशीनशिवाय त्यांना ऐकू जाणार नव्हतंच. पुढच्या सिग्नलला तिने मान वळवून पाहिलं. ते दांडा धरून ताठ बसले होते. तिने अंगठा वर करून विचारलं. त्यांनी हेल्मेट हलवलं. ते हो होतं की गाडीच्या हादऱ्याने हललं, हे तिला नंतर कितीही आठवून सांगता आलं नाही.

ट्रिब्यून चौकात गाड्या तुंबल्या होत्या. उन्हात उभं राहण्यापेक्षा आतून जावं म्हणून ती इंडस्ट्रियल एरियाच्या फेज दोनमध्ये वळली. शनिवारची दुपार, रस्ता रिकामा. दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या लांबच लांब भिंती. तिथे तिला पाठीवर एकदम वजन जाणवलं. बाबांचं हेल्मेट तिच्या हेल्मेटवर आपटलं. बाबा कधी टेकून बसणार नाहीत हे तिला पक्कं माहीत होतं. तिने एक हात मागे नेऊन त्यांचा शर्ट धरला आणि ब्रेक दाबला. गाडी डावीकडे कलली आणि दोघंही रस्त्याच्या कडेला आडवे झाले.

तिच्या कोपराला खरचटलं. बाबांना लागलं नव्हतं, पण ते उठतही नव्हते. तिने त्यांचं हेल्मेट काढलं. अंग चटका बसावा इतकं तापलेलं, आणि घामाचा थेंब नाही. डोळे उघडे होते.

"बाबा! बाबा, माझ्याकडे बघा!"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "कंडक्टर," ते म्हणाले, "डबल बेल मार ना. मूर्तिजापूर कवाचं गेलं."

समोरच्या फाटकातून एक म्हातारा वॉचमन धावत आला. गुरमेल सिंग त्याचं नाव, हे तिला नंतर कळलं. दोघांनी मिळून बाबांना त्याच्या केबिनच्या सावलीत नेलं. गुरमेलने पाण्याचा कॅन आणला. सुमेधाने शर्टाची बटणं काढली आणि डोक्यावर, मानेवर, काखेत पाणी ओतायला सुरुवात केली. केबिनमधला कूलर गुरमेलने बाबांकडे वळवला. एका हाताने पाणी ओतत तिने अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. पत्ता सांगितला, दोनदा सांगितला. वीस मिनिटांत येईल, म्हणाले.

पाच मिनिटं झाली असतील. कूलर बंद पडला. वीज गेली होती. सुमेधाने वर पाहिलं तर नैऋत्येकडून आभाळ मातकट पिवळं होऊन चढत येत होतं. भर दुपारी अंधारून आलं.

"तूफान आ रहा है, बीबी," गुरमेल म्हणाला.

आणि ते आलंच. धुळीचा लोट रस्त्यावरून असा आला की समोरची भिंत दिसेना. कुठेतरी पत्रा उडून आदळला. झाडाची फांदी मोडल्याचा आवाज आला. तिने पुन्हा फोन लावला. रस्त्यात झाडं पडली आहेत, गाडी अडकली आहे, वेळ सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं. ती रस्त्यावर धावत गेली. एक ऑटो आली, दोन्ही हात हलवूनही थांबली नाही. एक कार आली. आतल्या माणसाने काच खाली केली, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा वर केली. धुळीत ओढणी तोंडाला बांधलेली बाई बघून त्याला काय वाटलं कोणास ठाऊक.

ती परत आली तेव्हा बाबांनी बोलणं थांबवलं होतं. हाक मारली तरी डोळे हलत नव्हते. कॅनमधलं पाणी संपलं होतं, आणि वीज नसल्याने मोटर बंद, म्हणून नळाला पाणी नव्हतं.

सेक्टर बत्तीसचं सरकारी हॉस्पिटल तिथून अडीच-तीन किलोमीटर होतं.

"भाईसाहब, तुम्ही मागे बसाल? इनको पकड़ के? बस हॉस्पिटल तक," तिने गुरमेलला विचारलं. घाईत तिच्या तोंडून मराठी आणि हिंदी एकत्रच येत होतं.

गुरमेलने फाटकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बीबी, मैं कल्ला हां इत्थे. गेट छड्डेया ते नौकरी गई." एकटाच होता तो, फाटक सोडलं तर नोकरी गेली असती. त्याने हात जोडले. त्याचेही डोळे भरून आले होते. तिला त्याचा रागही करता येईना.

मग तिने तोंडावरची ओढणी सोडली. गुरमेलने बाबांना उचलून तिच्या मागे बसवलं, त्यांचे दोन्ही हात तिच्या कमरेभोवती आणले, आणि ओढणीने दोघांना एकत्र घट्ट बांधलं. आपली पगडी सोडून तिचा एक पट्टा त्याने बाबांच्या पाठीमागून आवळला. बाबांचं डोकं तिच्या पाठीवर टेकलं. कुर्त्यातून ते निखाऱ्यासारखं लागत होतं.

ती दुसऱ्या गिअरमध्येच चालली. डोळ्यांत धूळ जात होती, दातांत कचकचत होती. सिग्नल सगळे बंद. चौकाचौकात गाड्या चारही बाजूंनी घुसत होत्या, हॉर्न वाजत होते, आणि हिला मध्येच थांबता येत नव्हतं, कारण थांबून पाय टेकला तर दोघांचा भार सावरेल याची खात्री नव्हती. बाबा सारखे डावीकडे सरकायचे. ती अंगाने त्यांना उजवीकडे ढकलायची आणि गाडी सरळ ठेवायची. त्यांचा श्वास चालू आहे की नाही हे तिला कळत नव्हतं. पाठीला काहीतरी हलल्यासारखं वाटायचं, पण इंजिनही हलत होतं. ती सारखं बोलत होती. "बाबा, आलंच. बाबा, हे बघा, आलंच." ऐकणारं कोणी नव्हतं.

सेक्टर एकतीसच्या चौकात रस्त्यावर निलगिरी आडवी पडली होती. तिने गाडी फुटपाथवरून काढली. कशी काढली ते तिला सांगता येत नाही. पुढे मातीचे मोठाले थेंब पडायला लागले, आणि हॉस्पिटलच्या फाटकात शिरेपर्यंत दोघंही चिंब भिजली होती.

स्ट्रेचर आणणाऱ्यांना गाठ सुटेना. शेवटी कात्रीने ओढणी कापली.

अंगात एकशे सहा ताप होता. डॉक्टर हिमानी नावाची तरुण मुलगी होती. तिने बर्फ, सलाईन, पंखे सगळं एकाच वेळी सुरू केलं आणि सुमेधाला बाहेर बसवलं. तासाभराने ती बाहेर आली.

"बीपी की कौन सी गोली लेते हैं?"

सुमेधाने नाव सांगितलं. ती लघवी वाढवणारी गोळी होती. डॉक्टर म्हणाली, अशी माणसं बाहेर पडताना मुद्दामच पाणी पीत नाहीत, वाटेत बाथरूम शोधावं लागेल म्हणून. सुमेधाला दुकानाबाहेरचे ते दोन घोट आठवले. शिकंजी आवडली नसेल, असं आपल्याला वाटलं होतं. सुनेला बाथरूम कुठे आहे विचारण्यापेक्षा त्यांनी तहान सोसली होती.

संध्याकाळी गंधारशी बोलणं झालं. लेहहून त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही विमानं निघणार नव्हती, तिकडेही हवा बिघडली होती. "मोटरसायकलवर कशाला नेलंस?" त्याने विचारलं. तिने बॅटरीचं, कॅबचं सांगितलं. "नाही, मला तसं म्हणायचं नव्हतं," तो म्हणाला.

रात्री गुरमेलचा फोन आला. फाटकापाशी तिने त्याला नंबर दिला होता. बापूजी कसे आहेत, त्याने विचारलं. आणि मग सहज सांगितलं की बीबी, तुम्ही निघालात आणि सात-आठ मिनिटांत अ‍ॅम्ब्युलन्स आली होती, बर्फही होता तिच्यात.

सुमेधा त्या रात्री झोपली नाही. निघाल्यापासून हॉस्पिटलच्या दारापर्यंत तिला पंचवीस मिनिटं लागली होती. थांबली असती तर सात मिनिटं वाट बघण्याची, अधिक अ‍ॅम्ब्युलन्सला हॉस्पिटलपर्यंत लागली असती ती पंधरा, असा ती हिशेब मांडायची, पुन्हा मोडायची. दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टर हिमानीला विचारलंच, "मी थांबायला हवं होतं का?"

डॉक्टरने केसपेपरवरून मान वर केली. "हो सकता है. नहीं भी हो सकता. इसका जवाब किसी के पास नहीं है, मॅम."

बाबा तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आले. त्याच दिवशी गंधार पोहोचला. अकराव्या दिवशी घरी सोडलं. जीव वाचला, पण ताप मेंदूच्या मागच्या भागाला लागला होता. चालताना पाय फाकत, तोल जाई. घास तोंडाकडे नेताना हात थरथरे. शब्द जड, लांबलेले. काही सुधारेल, सगळं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. एकतीस वर्षं ज्यांनी एकही अपघात केला नाही त्यांना आता बेसिनपर्यंत जायला माणूस लागत होता. अकोल्याचं तिकीट रद्द केलं. पुन्हा एकटं राहणं आता होणार नव्हतं. हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

एके सकाळी गंधार ड्यूटीवर गेला होता. सुमेधा बाबांना चमच्याने शिरा भरवत होती. तो त्यांच्या हनुवटीवर सांडला. तिने पुसला. ते खिडकीकडे बघत होते. मग शब्द जोडत जोडत म्हणाले, "तुले... लई... त्रास."

"नाही हो बाबा," ती म्हणाली. पुढे काहीतरी बोलावं असं तिला फार वाटलं. त्या दुपारचं सगळं सांगावं, अ‍ॅम्ब्युलन्सचंही सांगावं, माफी मागावी. पण त्यांनी पुढच्या घासासाठी तोंड उघडलं होतं. तिने चमचा भरला.