सतरावे भोक

मी एक जुना पुठ्ठा आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. मी काही बुटांच्या खोक्याचे झाकण नाही. माझ्या अंगावर चाळीस भोके आहेत आणि त्या भोकांतून आजवर हजारो मुले कॉलेजात तरी गेली, नाहीतर घरी तरी गेली.

माझा जन्म कॉलेजच्या परीक्षा विभागात, हेडक्लार्कच्या टेबलावर झाला. आमच्या प्रवेशपरीक्षेत वाक्ये पूर्ण करण्याचे चाळीस प्रश्न असतात. वाक्यात एक जागा रिकामी, खाली अ, ब, क, ड असे चार शब्द. योग्य शब्दाचा चौकोन उत्तरपत्रिकेवर शाईने काळा करायचा. प्रश्नपुस्तिका तिथेच मोजून परत घेतात, कपाटात कुलूपबंद करतात आणि पुढच्या वर्षी त्याच पुन्हा वाटतात. नवे प्रश्न काढायचा कंटाळा, दुसरे काय! प्रश्न तेच, म्हणून उत्तरे तीच, आणि उत्तरे तीच, म्हणून माझी गरज. बरोबर उत्तराच्या जागी मला भोक असते. मला उत्तरपत्रिकेवर ठेवायचे, भोकांतून दिसणारे काळे चौकोन मोजायचे, की झाले गुण.

हेडक्लार्क लोखंडी नळीवर हातोडी मारून एकेक भोक पाडत होते. दर ठोक्याला माझा जीव जात होता. सोळापर्यंत सगळे नीट झाले. सतराव्याच्या वेळी चहा आला. एक डोळा कपावर ठेवून त्यांनी हातोडी मारली आणि ‘ब’ऐवजी ‘क’ला भोक पडले. प्रश्न असा होता: ‘भिंत कललेली पाहूनही गवंडी गप्प राहिला, कारण तो स्वभावाने ____ होता.’ खाली चार शब्द: धाडसी, भित्रा, कष्टाळू, बोलका. शेंबड्या पोरालाही ‘भित्रा’ सुचले असते. हेडक्लार्कांनाही ते ठाऊक होते. त्यांनी मला उजेडासमोर धरले आणि जीभ चावली. मग नव्या पुठ्ठ्यासाठी भांडारात पुन्हा अर्ज लिहावा लागेल हे आठवले, तसे त्यांनी मला खाली ठेवले.

“एका भोकाने कोण मरतंय!” असे म्हणून त्यांनी चहा संपवला.

खरे सांगू? ते माझे सगळ्यात लाडके भोक आहे. बाकीची एकोणचाळीस नुसती उत्तरे दाखवतात. हे एकटे माणसे निवडते.

ते माझे वैभवाचे दिवस होते. पूर्वी एक पेपर तपासायला सहा मिनिटे लागत, मी आल्यावर अर्धे मिनिट पुरू लागले. प्राचार्यांनी एकदा मला दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवले आणि म्हणाले, “याला ना काका ना मामा. न्याय असावा तर असा!” त्या दिवशी माझ्या कडा ताठ झाल्या होत्या.

तिसऱ्या वर्षी एका शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी परीक्षेला बसली. तिच्या अभ्यासाची तऱ्हा मला फार नंतर कळली. आई मशीनवर शर्टाच्या कॉलरी शिवायची आणि मुलगी शेजारी बसून वाक्ये मोठ्याने वाचायची. रिकामी जागा आली की आई पाय थांबवायची. शब्द सापडला की मशीन पुन्हा सुरू. लेक अडखळली तर कॉलर अर्धीच राहायची. घरातली पहिली मुलगी कॉलेजात जाणार म्हणून आईने साऱ्या आळीत सांगूनही टाकले होते.

सतराव्याला तिने ‘ब’चा चौकोन काळा केला. इतका सुबक, की रेघेबाहेर शाईचा ठिपका नाही. मी तो झाकून टाकला. तिला तीस गुण पडले. तिच्यानंतरचा पेपर एका उंच मुलाचा होता. जे येत नाही तिथे डोळे मिटून ‘क’ भरायचा, असे त्याला कुणीतरी शिकवले होते. सतराव्याला त्याचे घोडे गंगेत न्हाले. त्याला एकतीस पडले. जागा एकच उरली होती. ती त्याला मिळाली.

मायलेकी फेरतपासणीसाठी खिडकीशी आल्या. हेडक्लार्कांनी तिची उत्तरपत्रिका काढली, मला तिच्यावर ठेवले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बोटाने मोजले. तीस.

“साहेब, सतरावा माझा बरोबर आहे,” मुलगी म्हणाली. “भित्राच येतं तिथे.”

हेडक्लार्कांचा अंगठा सतराव्यावरच होता. तो त्यांनी हलवला नाही.

“सगळ्यांनाच आपापलं बरोबर वाटतं, बाळ. पुठ्ठा खोटं बोलत नाही.”

“माफ करा हं साहेब,” आई म्हणाली. “लहान आहे ती.” आणि पाठ वळते न वळते तोच तिने लेकीला फैलावर घेतले. “चारचौघांत तोंड वर करून बोलतेस? एवढी हुशार आहेस, तर मग तीसच का पडले?”

 त्या घरात दुसरे मशीन आले आणि मुलगी त्याच्यावर बसली.

मित्रांनो, माझेही काही चांगले चालले नव्हते. वर्षातले अकरा महिने कपाटात पडून राहायचे. कसर लागली, एक कोपरा झिजला. कुणाला माझी दया आली नाही. वस्तूंचे दुःख कोण विचारतो!

सहा वर्षांनी कपाट उघडले तेव्हा समोर तीच मुलगी होती. टायपिंग शिकून ती आमच्याच विभागात लागली होती. नोकरी अजून कच्ची होती. मशीनवरच्या अभ्यासाची गोष्ट तिने डबा खाताना शेजारच्या बाईंना सांगितली, ती मी तेव्हा ऐकली. दुपारी तिच्यासमोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि मी, असे दोघे आलो. तिने मला उचलले, प्रश्नपुस्तिका उघडली आणि बोट थेट सतराव्यावर नेले.  मग मला घेऊन हेडक्लार्कांपुढे उभी राहिली.

“साहेब, सतरावं भोक चुकलंय.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“तू यायच्या आधीपासून माहीत आहे. आता बुजवलं तर आधीच्या सगळ्या वर्षांचे गठ्ठे उघडावे लागतील. कोण उघडणार, तू?” त्यांनी चष्मा पुसला. “पुढच्या महिन्यात तुझा कायम व्हायचा कागद माझ्याकडे सहीला येतोय. जा, काम कर.”

ती जागेवर परतली. तिने डिंक, कागदाची पट्टी आणि कात्री काढली. मी घाबरलो. माझे लाडके भोक बुजणार होते! पट्टीला डिंक लावून तिने ती माझ्यावर धरली. समोर गठ्ठ्यातला पहिला पेपर होता. कुणा मुलीने सतराव्याला ‘ब’ भरला होता, सुबक, रेघेबाहेर ठिपका नाही.

“मला कुणी दिला होता तो गुण?” ती हळूच म्हणाली. तिने पट्टी चुरगळून टोपलीत टाकली, मला त्या पेपरवर ठेवले आणि मोजायला लागली.

पुढच्या महिन्यात ती कायम झाली. तिच्या कामाच्या अहवालात हेडक्लार्कांनी एकच ओळ लिहिली: ‘स्वभावाने कष्टाळू.’ ती वाचून तिने खाली सही केली.

आज तीच हेडक्लार्क आहे. माझी इतकी काळजी आजवर कुणी घेतली नाही. तिने माझी कसर झटकली, झिजलेल्या कोपऱ्याला कापडी पट्टी लावली आणि मला दोन्ही बाजूंनी पारदर्शक प्लास्टिकमध्ये मढवले. आता माझे एकही भोक कुणाला बुजवता येणार नाही. खिडकीशी कुणाची आई आली की ती मला अलगद उचलते, अंगठा सतराव्यावर ठेवते आणि मोजून दाखवते. तिचा आवाज गोड आहे. लोक माफी मागूनच जातात.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू फेकू नका. त्यांना जपा, पुसा, मढवा. आणि उद्या तुम्ही आमच्या परीक्षेला बसलात तर सतरावा प्रश्न नीट वाचा. उत्तर तुम्हाला येईलच. फक्त ते लिहू नका.