मधला टप्पा

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या ऑफिसात, भिंतीवर 'पुणे' आणि 'ब्रॅकनेल' यांच्यामध्ये पिवळी चिठ्ठी चिकटवताना शार्दूलचा हात अडखळला. काम नेमकं कुठे पडून राहतं ते शोधायला हेलनने, म्हणजे त्याच्या मॅनेजरने, सगळ्यांना कामाचे टप्पे चिठ्ठ्यांवर मांडायला भिंतीपुढे उभं केलं होतं. टेबलावरच्या स्पीकरफोनवर पुण्याहून सीमा होती. प्रोग्राम लिहिणारी टीम तिची.

"पुण्यात काम संपतं आणि आमच्या टेस्टर्सना आठवडाभराने मिळतं," हेलन म्हणाली. "मध्ये होतं काय?"

मध्ये शार्दूल होता. पुण्याने कामासोबत पाठवलेली प्रत्येक टीप तो आधी स्वतःकडे घेई आणि तिचं इंग्रजी घासूनपुसून मगच पुढे धाडी. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो इथे आला त्या पहिल्याच महिन्यात कुणीतरी पुण्याच्या मेलमधलं 'काइंडली डू द नीडफुल' हे खास देशी इंग्रजी मोठ्याने वाचून दाखवलं होतं. सगळे हसले, आणि आपण त्या पुणेवाल्यांतले नाही हे दाखवायला हा शहाणाही हसला होता. तेव्हापासून हा उपद्व्याप. टिपा साचत जायच्या, घरी नेऊनही उरायच्या.

"पुण्याहूनच उशिरा येतं," तो म्हणाला.



"येस, हेलन," सीमा म्हणाली. "डिले आमच्याकडून आहे."

तसं असेल तर हे काम पुण्याकडून काढून इथल्याच माणसांना द्यावं लागेल, असं हेलन सहज बोलून गेली आणि सगळे चहाला उठले. शार्दूलने कार पार्कमध्ये जाऊन मोबाइलवरून सीमाला गाठलं.

"तू खोटं का बोललीस?"

"मग काय सर, चारचौघांत तुम्हाला तोंडघशी पाडायचं?"

"अगं, पण प्रोजेक्ट जाईल तुमचं!"

"बघू हो, काहीतरी होईल. तुम्ही आमच्यासाठी एवढं करता. तुम्ही करेक्ट केलेल्या टिपा मी टीममधल्या सगळ्यांना वाचायला लावते. म्हणते, बघा, तिकडे बसून आपल्या माणसांसाठी कोण एवढं मरतं?"

शार्दूलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

तो आत आला तेव्हा सीमा पुन्हा स्पीकरवर आली होती. खुर्चीत न बसताच तो म्हणाला, "हेलन, उशीर पुण्याचा नाही. काम माझ्याकडे पडून असतं."

"तुझ्याकडे? का?"

'तपासत होतो' म्हणून सुटता आलं असतं. शब्द जिभेवर आलेही होते. पण एवढं तपासावं लागणारं कच्चं काम असेल तर पुणं हवंच कशाला, असं हेलन लगेच म्हणाली असती.

"कामात काही खोट नसते," तो म्हणाला. "मी त्यांचं इंग्रजी बदलत बसतो. मला... मला त्याची लाज वाटायची. तुम्हा लोकांसमोर."

हेलन गोंधळून त्याच्याकडे बघत राहिली. "पण ते आम्हाला समजलं असतं की."

 

"हेलन," शार्दूलचं नावही न घेता सीमा म्हणाली, "उद्यापासून आम्ही डायरेक्ट तुम्हालाच पाठवू."