पंधरा मिनिटांचं लाकूड

गुणाजी परबांनी आयुष्यात एकच मोठी थाप मारली, आणि ती अवघ्या दोन अक्षरांची.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गिरणी बंद पडल्यावर गिरगावातल्या ज्या शाळेच्या दारावर त्यांनी वॉचमन म्हणून अठरा वर्षं काढली, तिच्याच हॉलमध्ये अनुजाबाई रेकॉर्डर वाजवणाऱ्यांचा गट जमवत होत्या. रेकॉर्डर म्हणजे टेप नव्हे. टोकाकडून फुंकायची लाकडी बासरी. कुठली वीतभर, कुठली बसलेल्या माणसाच्या पायांमध्ये उभी धरावी लागेल एवढी मोठी. चार-पाच जणांनी एकत्र बसून चारशे वर्षांपूर्वीच्या विलायती रचना वाजवायच्या, मधूनच आजच्या कुणी लिहिलेली एखादी. गुणाजींनी लालबागच्या भजनी मंडळात तीस वर्षं बासरी वाजवलेली. ते जाऊन रांगेत उभे राहिले. पुढच्या गृहस्थाला बाईंनी विचारलं, "नोटेशन वाचता येतं?"

तो नाही म्हणाला. बाई हसून म्हणाल्या, "मग शिकून या. पुढच्या वर्षी बघू."

गृहस्थ गेला. बाईंनी गुणाजींकडे पाहिलं. "तुम्हाला?"

"येतं."

येत कुठलं! पाच रेघा आणि त्यांवर काळे ठिपके, जसा गिरणीत ताण्याच्या सुतांवर कापूस चिकटून बसायचा तसे. पण कान शाबूत होता. तालीम फोनमध्ये भरून घ्यायची, घरी ऐकून आपली ओळ वहीत सारेगममध्ये उतरवायची, पाठ करायची. हॉलमध्ये छापील कागद समोर ठेवायचा आणि शेजारच्या लीलाताईंनी पान उलटलं की आपणही उलटायचं. दोन वर्षं निभलं. त्या हॉलमध्ये ते वॉचमन नव्हते, गुणाजीराव होते. ती खुर्ची गेली तर जायला दुसरं ठिकाण नव्हतं.

आणि ह्या सोमवारी मनमोहन जिन्यावरून घसरले. मनगटाला प्लास्टर. गटातला सर्वांत मोठा रेकॉर्डर, बास, तेच वाजवायचे. कार्यक्रम रविवारी. संध्याकाळी बाईंचा फोन आला.

"गुणाजीराव, बास तुम्ही घ्या. तुमचा दम लांब आहे. वाचून तर तुम्ही दोन दिवसांत बसवाल."

"होय बाई," गुणाजी म्हणाले.

बास नवा होता. उसना आणलेला जुना परत गेला होता. नव्या लाकडात श्वासाची ओल एकदम शिरली तर ते तडकतं. म्हणून पहिले काही आठवडे दिवसाला पंधरा मिनिटं फुंकायचं, त्यावर एक मिनिट नाही. ती पंधरा मिनिटं बाई स्वतः घड्याळ लावून फुंकत. बास घरी न्यायला मिळणार नव्हता. "शनिवारच्या तालमीत तुमच्या हातात देते. तोवर कागदावरून बोटं बसवा."

बोटं बसवायची कशावर? गुणाजींनी नळाच्या कामातून उरलेला पाइप काढला आणि त्यावर पेनाने भोकं आखली. फोनमध्ये मनमोहनांनी वाजवलेलं होतं. ते ऐकून वहीत उतरवलं. त्यांच्या नेहमीच्या रेकॉर्डरवर सगळी भोकं बंद केली की सा निघे, म्हणून इथेही तसाच धरला. दुपारभर ते मुक्या पाइपवर बोटं नाचवत बसत. नवी रचना माटुंग्याच्या एका मुलीने गटासाठी लिहिली होती आणि तिची सुरुवातच बासने होती. अकरा सूर एकट्याने. बाकीचे त्यानंतर शिरणार.

बायको, रमाबाई, तांदूळ निवडता निवडता बघत होत्या. "ता पायप वाजता तरी काय?"

"नाही वाजत. वाजलं तर भीती कमी झाली असती."

"मग बाईक खरा सांगून टाका. ती काय तुमका खाऊची नाय."

"काढून टाकेल."

"आणि आयतवारी सगळ्यांसमोर फजिती झाली, तर काय हार घालतली?"

गुणाजींनी पाइप पुन्हा ओठांना लावला. चार दिवस जेवण गोड लागलं नाही. जिन्यात कुणाची पावलं वाजली तरी पाइपवरची बोटं थांबत. गिरणीत सूत तुटलं की जॉबर, म्हणजे मुकादम, न बोलता पाठीशी येऊन उभा राहायचा, तसं कुणीतरी सारखं मागे उभं आहे असं वाटे.

शनिवारी तीनला तालीम. बाईंनी बास त्यांच्या हातात दिला. लाकूड गार होतं आणि बोटं घामेजलेली.

"नव्या रचनेपासूनच सुरू करू," बाई म्हणाल्या आणि घड्याळ लावलं.

गुणाजींनी सगळी भोकं बंद केली आणि फुंकलं. सूर निघाला. मोठा, खोल, गोड. पण तो सा नव्हता, म होता. त्यांना पहिल्याच क्षणी कळलं. पण पाच दिवस घोटलेली बोटं थांबेनात. अकराच्या अकरा सूर तसेच वाजले. गटातली परळची संघमित्रा बाराव्याला शिरली आणि दोन सूर एकमेकांवर असे घासले की लीलाताईंनी डोळे मिटले.

"काका, हे काय वाजवलं?" संघमित्रा हसत म्हणाली. "दुसरंच पान लावलंय का?"

बाई हसल्या नाहीत. "पुन्हा वाजवा."

पुन्हा तेच.

"प्रत्येक सूर चुकला," बाई सावकाश म्हणाल्या, "पण सगळे एकसारखे चुकले. उतारावरचा श्वाससुद्धा मनमोहन घेतात तिथेच घेतलात. वाचणारा माणूस असा चुकत नाही, गुणाजीराव."

त्यांनी घड्याळ थांबवलं.

"मला वाचता येत नाही, बाई. पहिल्या दिवसापासून."

खिशातून घडी केलेला सारेगमचा कागद काढून त्यांनी स्टँडवर ठेवला.

बाईंनी चष्मा काढला. "तुमच्या पुढचा तो माणूस आठवतो? मी त्याला परत पाठवलं. त्याने खरं सांगितलं म्हणून."

"रोज आठवतो."

"सोमवारपासून तुम्ही गटात नाही. शिकायला बसा. येईल तेव्हा परत या. त्याला सांगितलं, तेच तुम्हाला."

गुणाजींनी मान हलवली. पाच दिवस ज्याची भीती वाटत होती ते होऊन गेलं होतं. आश्चर्य म्हणजे भीती तिथेच होती.

"आणि उद्या?" लीलाताई हळूच म्हणाल्या. "ती माटुंग्याची मुलगी आईला घेऊन येणार आहे."

"उद्या मला वाजवू द्या, बाई," गुणाजी म्हणाले. "चूक कुठे आहे तेवढं दाखवा."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "सकाळी सात मिनिटं मीच फुंकलंय. आता सहा मिनिटं उरलीत. मग लाकूड उद्यापर्यंत बंद." त्यांनी खुर्ची ओढली. "हा बास तुमच्या रेकॉर्डरपेक्षा वेगळा आहे. तुमच्या प ची जी बोटं, ती इथे सा. अंगठा आणि वरची तीन. तिथून मोजा."

सहा मिनिटांत तीनदा जमलं, दोनदा फसलं. घड्याळ वाजलं, बाईंनी बास त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पुसायला लागल्या.

घरी पुन्हा पाइप. दुसऱ्या दिवशी निघताना रमाबाईंनी त्यांच्या सदऱ्याची बाही नीट केली, एवढंच.

रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये दीडशे माणसं. पहिल्या रांगेत मनमोहन हात गळ्यात अडकवून, त्यांच्यामागे माटुंग्याची मुलगी आणि आई. गुणाजींनी छापील पान मिटून खाली ठेवलं आणि स्टँडवर आपला कागद उघडा लावला. पहिल्या रांगेतून वाचता आला असता. वाचू दे.

बाईंनी भुवई उचलली. गुणाजींनी अंगठा ठेवला, वरची तीन बोटं ठेवली. खालची बोटं सवयीने बंद व्हायला धावली. ती त्यांनी उचलून धरली.

फुंकलं.

सा लागला.

संघमित्राने बाजूने एकदा पाहिलं आणि रेकॉर्डर ओठांजवळ नेला. अजून दहा सूर होते.